हसऱ्या वॉर्डाची ढाल

डोंबिवली पूर्व
रविवार, १३ जुलै २०२५

तीर्थरूप आत्या,

साष्टांग नमस्कार कागदावरच घे. प्रत्यक्ष घातला तर मला उठवायला दोन वॉर्डबॉय लागतील.

कानातलं मशीन शिट्ट्या मारतं म्हणून तू फोन बंद केलास, आणि व्हॉट्सॲपवर अंगठा दाखवणाऱ्यांशी बोलणार नाही असं जाहीर केलंस. त्यामुळे त्रेचाळिसाव्या वर्षी मी पत्र लिहायचा पॅड विकत घेतला. दुकानदाराने विचारलं, मुलाचा कितवीचा प्रोजेक्ट आहे? मी म्हटलं, आत्याचा आहे.

बातमी अशी की तुझी भाची ठाण्यातल्या आमच्या हॉस्पिटलच्या सगळ्यात सुखी वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर ठरली आहे. हसू नकोस, याचा पुरावा आहे. मार्चमध्ये आमच्याकडे कर्मचाऱ्यांचं मानसिक आरोग्य धोरण आलं. अकरा पानी. मी पहिलं पान वाचलं आणि शेवटचं, कारण शेवटच्यावर सही करायची होती. त्याप्रमाणे प्रत्येक नर्सने ड्युटी सुरू करण्याआधी एका तक्त्यात स्वतःला एक ते दहामधला आकडा द्यायचा. दहा म्हणजे मन अगदी प्रसन्न, एक म्हणजे विचारूच नका. तक्ता सकाळी आठच्या आत एचआरच्या मितेश सरांकडे गेला पाहिजे. हे सर अठ्ठावीस वर्षांचे आहेत, मला ‘संचिता मॅम’ म्हणतात आणि बोलताना छातीवर हात ठेवतात. पहिल्यांदा मला वाटलं त्यांचा ईसीजी काढावा.

तर चार महिन्यांची सरासरी निघाली आणि फीमेल मेडिकल वॉर्ड पहिला आला. सात पूर्णांक सहा. मला व्यासपीठावर बोलावून लाकडी ढाल दिली, तिच्यावर पिवळा हसरा चेहरा आहे. आमच्या मेट्रन गोदा मॅडम गेल्या वीस वर्षांत माझ्याशी हसल्या नव्हत्या, त्या हसल्या. असिस्टंट मेट्रनची जागा दिवाळीत भरायची आहे, असंही त्या सहज म्हणाल्या. मी ढाल छातीशी धरून फोटो काढला. फोटोत ढाल माझ्यापेक्षा बारीक दिसते.

एकच गंमत झाली. वॉर्ड इतका आनंदात आहे म्हटल्यावर त्यांनी आमची पायल उचलून आयसीयूला दिली. तिथल्या मुलींची सरासरी साडेचार होती. आता सकाळी पाचजणींच्या जागी चौघी. चालायचंच.

ढाल घरात ठेवायला जागा नाही. दौलत मंगळवारी टिटवाळ्याला गणपतीला येणार आहे, त्याच्याबरोबर पाठवते. तुझ्या शोकेसमध्ये ठेव. मोहने गावात तुझ्या घरी राहून नर्सिंगला गेले, तेव्हा ढालीवर पहिला हक्क तुझाच.

तुझी,
संचिता

*

टिटवाळा
शनिवार, १९ जुलै २०२५

चि. संचिता हिस आशीर्वाद. गुडघ्यांना तेल लाव, म्हणजे नमस्कार घालता येईल.

ढाल पोचली. तुझ्या नवऱ्याने बेल वाजवून वाजवून शेजारच्यांना बाहेर काढलं, मी आत डाळ निवडत होते. शेवटी त्याने दाराखालून वर्तमानपत्राचा कागद आत सरकवला तेव्हा मला कळलं. पोस्टमनला हे ठाऊक आहे, तो पत्र थेट दाराखालून सरकवतो. तुम्हीही तसंच करत जा.

ढाल शोकेसमध्ये मधल्या फळीवर ठेवली आहे. माझा निवृत्तीचा नारळ धरलेला फोटो त्यासाठी मागे ढकलला. सोसायटीत सगळ्यांना दाखवून झालं. तिसऱ्या मजल्यावरच्या शालनबाई म्हणाल्या, नर्सेसना पण मन असतं का हो, सुई टोचताना तर वाटत नाही. मी ऐकू न आल्याचं सोंग केलं. बहिरेपणाचा एवढा तरी उपयोग आहे.

असिस्टंट मेट्रन झालीस तर मी पेढे वाटणार, हे आत्ताच सांगून ठेवते. मी छत्तीस वर्षं घासली आणि सिस्टर म्हणूनच घरी आले.

एक विचारू? तुमच्या मुली सकाळी आठच्या आत येतात, कपडे बदलतात, रात्रीच्या ड्युटीवालीकडून पेशंटांचा ओव्हर घेतात आणि वर स्वतःच्या मनाचा आकडाही लिहितात? माझ्या काळी वेणी घालायला वेळ मिळायचा नाही. तुझी शिस्त मोठी असली पाहिजे.

तुझी आत्या,
कलावती

*

डोंबिवली पूर्व
रविवार, १० ऑगस्ट २०२५

तीर्थरूप आत्या,

नमस्कार. पत्राला उशीर झाला. शिस्तीचं तू लिहिलंस ते वाचून पॅड तीन आठवडे कपाटात ठेवला होता. का ते मला विचारू नकोस.

वॉर्डात एक प्रकार झाला. ऋतिका म्हणून माझ्याकडे स्टाफ नर्स आहे, तेवीस वर्षांची, लांज्याकडची. डोंबिवलीतच दोन मुलींबरोबर खोली घेऊन राहते. हाताला हलकी आहे. म्हाताऱ्या बायका तिच्याकडूनच सलाइन लावून घेतात, मी गेले तर तोंड फिरवतात. गेल्या सोमवारी सकाळी तिने सात नंबरच्या कमळाबाईंना इन्शुलिन दिलं. सही करणार तेवढ्यात अकरा नंबरवाली बाथरूममध्ये पडली म्हणून धावली. परत आली, औषधांच्या तक्त्यात सही नाही असं बघितलं आणि पुन्हा इन्शुलिन दिलं.

पुढचं तुला सांगायला नको. कमळाबाई घामाने भिजल्या, डोळे फिरवले. आम्ही ग्लुकोज चढवलं. वीस मिनिटांनी त्यांनी डोळे उघडले आणि माझ्या हातावर चापट मारून म्हणाल्या, “मना चा दे गो आदी.” आत्या, माझ्या आयुष्यात मी कुणाला इतक्या आनंदाने चहा दिलेला नाही. शुगर असलेल्या बाईला मी त्या दिवशी साखर घालूनच दिला.

आता चौकशी समिती बसली आहे. बावीस तारखेला निर्णय. ऋतिकाने सांगितलं की आदल्या दिवशी तिने दोन ड्युट्या लागोपाठ केल्या होत्या आणि डोकं चालत नव्हतं. पण मितेश सरांनी तिचा त्या सकाळचा आकडा काढून समोर ठेवला. आठ. छातीवर हात ठेवून म्हणाले, तू स्वतःच आठ लिहिलेस, म्हणजे तू ठीक होतीस, म्हणजे हा थकवा नाही, निष्काळजीपणा आहे. हा शब्द कागदावर घालून काढलं, तर तिला कल्याणपासून मुलुंडपर्यंत कुणी दारात उभं करणार नाही.

मलाही समितीने विचारलं, मी म्हटलं मुलगी चांगली आहे. पण चूक ती चूकच ना आत्या? आपण औषध दिल्याबरोबर सही करायला शिकलो की नाही? आजकालच्या मुलींचं लक्ष कुठे असतं कोण जाणे. मी तरी काय करणार.

दौलत म्हणतो मी झोपेत बडबडते. मी म्हटलं, जागेपणी बोलायला वेळ मिळत नाही.

संचिता

*

टिटवाळा
बुधवार, १३ ऑगस्ट २०२५

चि. संचिता,

पत्र दोनदा वाचलं. तुझ्या पत्रात तू नेहमी स्वतःची टिंगल करतेस. या पत्रात शेवटच्या आधीच्या परिच्छेदात ती नाही, तिथे तू त्या पोरीला नावं ठेवली आहेस. तेव्हाच मला कळलं काहीतरी दुखतंय.

मी आपली सरळ विचारते. दोन ड्युट्या करून डोकं सुन्न झालेली मुलगी स्वतःला दहापैकी आठ कशी देईल? मी तशा अवस्थेत माझं नाव विचारलं तर चुकीचं सांगितलं असतं. आणि सगळ्या वॉर्डाची सरासरी चार महिने सात पूर्णांक सहा? अगं, पाच बायका एका खोलीत असल्या तर एकीचं डोकं दुखणारच, एकीची सासू आलेली असणारच. छत्तीस वर्षं तक्ते बघितलेत मी. इतकी शहाणी रेघ आजाऱ्याची नसते, तक्ता भरणाऱ्याची असते.

तो तक्ता कोण भरतं?

उत्तर लिहायचं नसेल तर लिहू नकोस. ढाल मी तात्पुरती फोटोच्या मागे ठेवली आहे.

कलावती

*

डोंबिवली पूर्व
शनिवार, १६ ऑगस्ट २०२५

आत्या,

मी भरते.

पहिले आठ दिवस मुलींनी आपापला भरला. मग एकदा तक्ता आठनंतर गेला आणि मला मेमो आला. तेव्हापासून साडेसातला मीच बसते आणि सगळ्यांचे आकडे टाकते. सात, आठ, आठ, सात. खरं वाटावं म्हणून सोमवारी कुणाला तरी सहा देते. सणाच्या दुसऱ्या दिवशी सगळ्या सात. एकदा मला वाटलं फारच गोड चाललंय, म्हणून पायलला पाच दिले, तर मितेश सर स्वतः येऊन तिला चॉकलेट देऊन गेले. ती अजून विचारते ते कशाबद्दल होतं. स्वतःला मी रोज नऊ देते. इन्चार्जनेच आठ दिले तर मुलींनी कुणाकडे बघायचं?

मला यात काही वाईट करतेय असं एकदाही वाटलं नाही. मेहनत वाटली. ढाल घेताना तर मला खरंच वाटलं की मी ती कमावली आहे. आता कळतं की कमावलीच होती, एकटीने. आणि त्याच आनंदापायी पायल गेली, ती गेली म्हणून ऋतिकावर डबल ड्युटी आली, ती मीच लावली.

आता जे मी समितीला सांगितलं नाही आणि तुलाही नाही ते. त्या सोमवारी सकाळी मी तक्ता भरत असताना ऋतिका टेबलाशी आली. डोळे लाल. म्हणाली, “सिस्टर, माझे आज तीन लिहा.” मी वर न बघता म्हटलं, आपल्याला बक्षीस मिळालंय, तीन हा आकडा आपल्या वॉर्डात नाही. आणि तिच्यासमोर आठ लिहिले. विनोद केला असं मला वाटलं. ती बरं म्हणून ट्रे घ्यायला गेली.

काल मी ते अकरा पानी धोरण पहिल्यांदा पूर्ण वाचलं. सातव्या पानावर लिहिलंय की तीन किंवा त्याहून कमी आकडा देणाऱ्या नर्सला काही न विचारता घरी पाठवायचं, रजा कापायची नाही आणि मेट्रन ऑफिसने अर्ध्या तासात बदली नर्स द्यायची. अर्ध्या तासात, आत्या. मी वीस वर्षं बदली नर्स मागतेय आणि ती सातव्या पानावर बसली होती. धोरण चांगलं होतं गं. मी त्याचा टेम्परेचरचा तक्ता करून टाकला.

ऋतिकाने ते पान वाचलं होतं. तिने गंमत म्हणून तीन म्हटलं नव्हतं, तिने रीतसर मदत मागितली होती. आणि तिने अजून समितीला माझं नाव सांगितलेलं नाही. का, हे तिला विचारायची माझी छाती होत नाही. समोर आली की मी औषधांचं कपाट लावायला घेते. ते आता इतकं नीटनेटकं आहे की कुणाला काही सापडत नाही.

बावीसला मी बोलले तर असिस्टंट मेट्रन तर गेलंच, इन्चार्जपदही जाईल, कदाचित नोकरीही. नाही बोलले तर ती पोर जाईल. हे इतकं सोपं दिसतं ना लिहिल्यावर? मग मी रोज सकाळी हॉस्पिटलच्या गेटवरून दोनदा मागे का फिरते? मला भीती वाटते आत्या. तू सांग मी काय करू.

संचिता

*

टिटवाळा
मंगळवार, १९ ऑगस्ट २०२५

चि. संचिता,

काय कर ते मी सांगणार नाही, कारण ही विद्या तुला मीच दिली आहे.

आठवतं का, मोहने गावच्या आपल्या घरी तू पहिल्या वर्षाला होतीस. टेम्परेचर घ्यायला वेळ मिळत नाही म्हणून रडत आलीस. मी पोळ्या लाटत होते. लाटण्यानेच ओट्यावरच्या पिठात रेघ काढून तुला दाखवली. म्हटलं, सगळीकडे अठ्ठ्याण्णव पॉइंट चार लिहिलंस तर पकडली जाशील. चारनंतर सहा लिही, मग दोन, मधूनच नव्व्याण्णव. रेघ वरखाली झाली की खरी वाटते. तू हसलीस आणि दोन पोळ्या जास्त खाल्ल्यास. तुझा सोमवारचा सहाचा आकडा वाचला आणि मला ते पीठ दिसलं.

आणि माझी ती बाळंतिणीची गोष्ट. मी तिचं टेम्परेचर न घेता लिहून टाकलं आणि संध्याकाळी डॉक्टरांनी हात लावला तर तिचं अंग तव्यासारखं तापलेलं. ते माझ्यावर कसे ओरडले, त्यांचा चष्मा कसा बादलीत पडला, हे मी घरात प्रत्येक गणपतीला नक्कल करून सांगत आले. तुम्ही सगळे पोट धरून हसायचात. ती वाचली, बाळही वाचलं, म्हणून मी त्याचा विनोद केला. ती पाच दिवस शुद्धीवर नव्हती, हे मी कधी सांगितलं नाही. त्या पाच दिवसांत मी रोज तिच्या खाटेशी उभी राहून हात धुवायचे, धुतलेले परत धुवायचे. कुणाला सांगितलं नाही. माझ्याकडे सातवं पान नव्हतं, पण असतं तरी मी ते वाचलं नसतं. लाज वाटली असती. नर्सने आजारी पडायचं नाही, असंच आम्हाला वाटायचं, आणि मी ते तुला पिठात घोळून भरवलं.

आता एवढंच कर. ड्युटी बदलताना आपण एकेका बेडचा ओव्हर देतो ना, तसा मला तुझा दे. नाव, वय, झोप किती, खाणं किती, दुखतंय कुठे. आणि सगळ्यात शेवटी, काय करायचं राहिलंय. पुढच्या ड्युटीवालीला तेच हवं असतं.

खोटा ओव्हर दिलास तर मला कळेल. ऐकू येत नसलं तरी.

आत्या

*

ठाणे, हॉस्पिटलच्या कॅन्टीनमधून
मंगळवार, ९ सप्टेंबर २०२५, सकाळी पावणेनऊ

आत्या,

तुझं पत्र तीन आठवडे पर्समध्ये घेऊन फिरले. उत्तर दिलं नाही, कारण आधी बावीस तारीख उरकायची होती, मग लाज, मग गणपती.

बावीसला समितीने ऋतिकाला आत बोलावलं, मला नव्हतं बोलावलं. मी तिच्यामागोमाग घुसले. मी काय बोलायचं ते पाठ करून गेले होते, धोरण, परिस्थिती, मनुष्यबळ वगैरे. आत गेल्यावर सगळं विसरले. टेबलावर तिचा तक्ता होता. मी त्यावर बोट ठेवलं आणि म्हटलं, “हा आठ माझा आहे. तिने तीन सांगितले होते.”

मितेश सरांना कळेना. मग मी चार महिन्यांचे तक्ते मागवले आणि शेजारी शेजारी मांडले. माझ्या आठाचं पोट मोठं असतं आणि डोकं उघडं राहतं, अगदी माझ्यासारखं. दोनशेच्या वर आठ, सगळे एका पेनचे, एका हाताचे. एवढे दिवस कुणाला दिसले नाहीत. मितेश सरांचा हात छातीवरून खाली आला. ते हळूच म्हणाले की यावर त्यांनी दिल्लीला एक सादरीकरण दिलं होतं. मला त्यांचीही दया आली.

ऋतिका राहिली. तिला दोन आठवड्यांचं ट्रेनिंग दिलं आणि कागदावर निष्काळजीपणा हा शब्द नाही. माझं इन्चार्जपद गेलं. पायल परत आली आणि ती इन्चार्ज झाली. मला नऊ वर्षांनी ज्युनियर आहे. पहिल्याच दिवशी तिने मला बेडपॅनच्या कपाटाची यादी करायला बसवलं. मी ती बरोबर केली, तिने दोनदा तपासली, आणि मला तिचा राग येण्याऐवजी हायसं वाटलं. असिस्टंट मेट्रनचे पेढे तू खाऊ नकोस, तुझी शुगर तशीही काठावर आहे.

बाहेर आल्यावर मी ऋतिकाला विचारलं की तू माझं नाव का नाही सांगितलंस. ती म्हणाली, मला वाटलं तुम्ही सांगाल. बस, एवढंच म्हणाली. मी औषधांच्या कपाटाकडे जायला निघाले, पण ते आता माझ्या ताब्यात नाही. म्हणून तिथेच उभी राहून रडले.

तक्ता आता टेबलावर नसतो, भिंतीवर लावलेला असतो. जिचा आकडा तिनेच लिहायचा. मी आपली सवयीने नऊ लिहीत होते. काल ऋतिका ट्रेनिंगवरून परत आली. आज सकाळी तिने स्वतःचे सहा लिहिले, पेन माझ्यासमोर धरलं आणि विचारलं, “सिस्टर, तुमचे किती?”

वीस वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही. आणि मग तुझा ओव्हर आठवला. तो आता देते.

नाव संचिता भोईर, वय त्रेचाळीस. मार्चपासून झोप रात्रीची तीन तास, तीही बडबडीत. खाणं भरपूर, भूक नाही. सकाळी गेटपाशी मळमळ, घरी गेल्यावर मुलांवर ओरडणं, मग बाथरूममध्ये नळ सोडून बसणं. इंजेक्शन भरताना हात थरथरतो, तो दिसू नये म्हणून गेले दोन महिने मी इंजेक्शनं दुसऱ्यांना द्यायला सांगते. याला मी मुलींना शिकवणं असं नाव दिलं होतं. पेशंट स्वतःच्या तब्येतीबद्दल खोटं सांगते आणि विनोद करते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी करते, लक्ष ठेवावं.

मी तीन लिहिले. पायलने काही विचारलं नाही, सातव्या पानाप्रमाणे मेट्रन ऑफिसला फोन केला. बदली नर्स बावीस मिनिटांत आली, मी घड्याळ लावून बघितलं. मला समुपदेशक बाईंची गुरुवारची वेळ दिली आणि घरी जा म्हणाले.

तेव्हापासून मी कॅन्टीनमध्ये बसले आहे. मंगळवारी सकाळी घरी जाऊन काय करतात हे मला माहीत नाही. दौलत कामावर, मुलं कॉलेजात. घरात जाऊन मी ओटा घासला असता आणि त्याला विश्रांती म्हटलं असतं.

ओव्हरमधलं शेवटचं राहिलं, काय करायचं बाकी आहे ते. ढाल परत मागितली आहे, तशी नोटीस आली आहे. ती न्यायला मी टिटवाळ्याला येते आहे, असं सगळ्यांना सांगून निघाले. ते खोटं नाही, पण खरं कारण ते नव्हे. मला तुझ्या स्वयंपाकघरात बसायचं आहे. तू काही विचारू नकोस, मी काही हसवणार नाही. पोळ्या कर आणि मला झोपू दे.

हे पत्र पोस्टात टाकत नाही. बेलही वाजवणार नाही, तुला ऐकू येत नाही. दाराखालून सरकवते आहे. वाचून झालं असेल तर दार उघड, आत्या. मी बाहेर उभी आहे.

संचिता